खाड्याचे पैसे

‘खाडा’ हा शब्द ज्याच्या घरात रोजच्या वापरात होता, त्याला १८९५ सालचा हडर्सफील्डचा तंटा फार समजावून सांगावा लागणार नाही. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी रग्बी खेळायचे. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. सामना परगावी असला की खाडा, आणि खाडा झाला की मजुरी कापली. त्यांच्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं, की बुडालेला हा रोज आम्हाला भरून देऊ द्या. रग्बीचा कारभार चालवणाऱ्या लंडनच्या मंडळींना ते पटलं नाही. पैसे घेतले की खेळ बाटतो, सद्गृहस्थ हौसेनेच खेळतो, असा त्यांचा बाणा. शेवटी ऑगस्ट महिन्यात उत्तरेकडचे वीसेक क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्या चुलीवर पुढे जे शिजलं त्याला आज रग्बी लीग म्हणतात.

कॉलिन वेलंड हा या रग्बी लीगचा वेडा चाहता होता. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांत धावणारे तरुण आणि मागे वाजणारं व्हँगेलिसचं ते संगीत बहुतेकांच्या ओळखीचं असतं. त्या ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ची पटकथा वेलंडची. त्याआधी वीस वर्षं तो नट होता. नायक वगैरे कधीच नाही. पोलीस शिपाई, शाळामास्तर, पाद्री अशी माणसं तो करायचा. गोल चेहरा, भरलेलं अंग, बोलण्यात उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरची बोली. २ नोव्हेंबर २०१५ रोजी, ८१ व्या वर्षी तो गेला.

त्याची गोष्ट साधारण एकाच चालीत सांगितली जाते. साध्या घरातला मुलगा, शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर, जिद्दीने नट झाला, लेखक झाला आणि एके दिवशी हातात ऑस्कर घेऊन उभा राहिला. ही चाल मला पटत नाही. जिद्द होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण जिद्दी माणसं लँकेशायरमध्ये १९३४ सालीही जन्मली आणि १९९४ सालीही. पहिल्यांपैकी काहींना वाट मिळाली, दुसऱ्यांना ती मिळणं फार कठीण झालं आहे. फरक कुठे पडला हे बघायचं तर वेलंडच्या आयुष्यात कोणत्या टप्प्यावर त्याचा खाडा कोणी भरला, त्याचा हिशेब मांडावा लागतो.

तो शिकला ब्रेटन हॉल आणि गोल्डस्मिथ्स या कॉलेजांत, शिक्षक व्हायला. महायुद्धानंतरच्या ब्रिटनला शिक्षक हवेच होते आणि शिक्षक होऊ घातलेल्यांचा खर्च बव्हंशी सरकार उचलत होतं. मग ली या गावात तो चित्रकला शिकवू लागला. शाळा ‘सेकंडरी मॉडर्न’, म्हणजे अकराव्या वर्षीच्या परीक्षेत जे मागे पडले त्यांची. अशा वर्गात उभं राहून पोरांना धरून ठेवणं हे नटाचं शिक्षण नाही असं ज्याला वाटतं, त्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात आठवीच्या वर्गावर एक तास घेऊन बघावा.

१९६२ साली तो मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये दाखल झाला. हे थिएटर अक्षरशः शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तळघरात होतं आणि चालवायची शहराची पालिका. पुस्तकं वर, नाटक खाली, आणि दोन्हींचा खर्च शहराच्या करातून. मला हे चित्र फार आवडतं. अठ्ठावीस वर्षांचा मास्तर नोकरी सोडून तिथे जाऊ शकला, कारण तिथे पगार होता. थोडा असेल, पण होता. त्याच वर्षी बीबीसीवर ‘झेड कार्स’ ही पोलिसांची मालिका सुरू झाली. उत्तरेकडच्या एका नव्या वसाहतीत गाडीतून फिरणारे साधे शिपाई, आणि तेही आपापल्या बोलीत बोलणारे. सुरुवातीची वर्षं ही मालिका बहुतांशी थेट प्रक्षेपित व्हायची. चुकलं तर चुकलं, सगळ्या देशासमोर. त्यातला शिपाई डेव्हिड ग्रॅहम म्हणजे वेलंड. पैसे लायसन्स फीचे, म्हणजे टीव्ही असलेल्या प्रत्येक घराचे.

आणि मग ‘केस’. कोर्टातली नव्हे आणि डोक्यावरचेही नव्हेत. केस्ट्रल नावाच्या छोट्या ससाण्याचं हे लाडाचं नाव. केन लोचने हा चित्रपट बार्न्सलीत, तिथल्याच शाळेत, तिथल्याच पोरांना घेऊन केला. तो १९६९ चा. अनोळखी चेहऱ्यांच्या त्या गर्दीत टीव्हीमुळे लोकांना माहीत असलेला चेहरा एकच, वेलंडचा. भूमिका इंग्रजीचे मास्तर फार्दिंग यांची.

त्यातला वर्गाचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. विषय चालू आहे, खरी गोष्ट आणि रचलेली गोष्ट यांतला फरक. खाणगावातला काटकुळा बिली कॅस्पर लक्ष देत नाही म्हणून मास्तर त्याच्यावर खेकसतात. शाळेत सगळेच त्याच्यावर खेकसत असतात, त्यात नवल नाही. मग कुणीतरी ससाण्याचा विषय काढतं. फार्दिंग बिलीला पुढे बोलावतात. पोरगा अडखळत सुरू करतो आणि पाचेक वाक्यांनंतर तो पोरगा राहतच नाही. ससाण्याच्या पायांत बांधायच्या कातडी पट्ट्यांना काय म्हणतात, दोरी लांब करत करत त्याला हातावर कसं बोलवायचं आणि पहिल्यांदा मोकळं सोडताना पोटात काय कालवतं, हे सगळं तो सांगत सुटतो. या वेळात वेलंड काय करतो? जवळपास काही नाही. मधेच एखादा प्रश्न, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारणं, आणि ऐकणं. कॅमेऱ्यासमोर नुसतं ऐकणं हे नटाला सर्वांत अवघड. त्या प्रसंगात मास्तर अभिनय करत नाही, नटही मास्तरकी करत नाही. दोन्ही एकाच कातडीत शिरलेले आहेत. या कामासाठी त्याला १९७१ साली सहायक अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

माझ्या मते लेखक वेलंड इथेच तयार झाला. चार ओळींच्या भूमिका करणाऱ्या नटाला एक गोष्ट कळते, जी नायकाला बहुधा कळत नाही. दारातून आत आलेल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं घर असतं, त्याची बस चुकलेली असते, त्याला भूक लागलेली असते. आणि गोष्ट मात्र दुसऱ्याच कुणाची तरी चालू असते.

लिहायला जागा मिळाली तीही टीव्हीवरच. त्या काळात ब्रिटिश टीव्हीवर ‘एकांकी’ म्हणावं असं एक खातं होतं. मालिका नाही, पुढचा भाग नाही. या आठवड्याला एका लेखकाचं एक नाटक, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याचं. बीबीसीचं ‘प्ले फॉर टुडे’ १९७० पासून १९८४ पर्यंत चाललं. ग्रॅनाडासारख्या खासगी कंपन्याही असं काम करत, कारण त्यांच्या परवान्यातच त्यांच्यावर लोकसेवेची आणि आपल्या प्रदेशाची जबाबदारी टाकलेली होती. वेलंडचं शाळेवरचं ‘रोल ऑन फोर ओक्लॉक’ ग्रॅनाडाने दाखवलं. ‘किसेस ॲट फिफ्टी’मध्ये पन्नाशीच्या वाढदिवशी एक कामगार दारूच्या गुत्त्यावरच्या बाईच्या प्रेमात पडतो आणि घर मोडतं. यातली मोठी सोय पडण्याची होती. नाटक पडलं तर पडलं, पुढच्या आठवड्यात दुसरं. लेखकाला पडण्याची मुभा देणं हाही त्याचा खाडा भरण्याचाच प्रकार.

१९७४ चं ‘लीड्स युनायटेड!’ याच खात्यातलं. नाव फुटबॉल क्लबचं, गोष्ट कपडे शिवणाऱ्या बायकांची. १९७० साली लीड्समधल्या कापड-शिलाईच्या कारखान्यांतल्या हजारो बायकांनी तासाला एक शिलिंग वाढ मागत काम बंद केलं. त्यांच्याच युनियनने त्यांच्या माथी मारलेला करार त्यांना मान्य नव्हता. वेलंडने त्यावर दोन तासांचं कृष्णधवल नाटक लिहिलं, रस्ताभर चालणाऱ्या बायकांचे लोंढेच्या लोंढे दाखवणारं. मुंबईच्या गिरणी संपावर आपल्या सरकारी वाहिनीने त्या काळात असं काही करण्याची कल्पना करून बघा. हसू येतं.

आता ‘चॅरिअट्स’. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये धावलेले दोन ब्रिटिश धावपटू, एक लिथुआनियातून आलेल्या ज्यू सावकाराचा मुलगा हॅरल्ड अब्राहम्स आणि दुसरा स्कॉटिश मिशनरी एरिक लिडेल. निर्माता डेव्हिड पटनमने विषय वेलंडकडे दिला. अब्राहम्स १९७८ च्या जानेवारीत वारला होता, म्हणजे मुख्य साक्षीदारच हाती नाही. मग वेलंडने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, की १९२४ च्या ऑलिंपिकच्या आठवणी कुणाकडे असतील तर कळवा. ऑब्रे माँटेग्यू हाही त्या ऑलिंपिकमध्ये धावलेला. त्याच्या मुलाने ती जाहिरात वाचली आणि वडिलांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या प्रती पाठवून दिल्या. चित्रपटभर जो आवाज गोष्ट सांगतो तो या पत्रांतला. वेलंडने पत्रांना फार हात लावला नाही. माँटेग्यू ऑक्सफर्डचा होता, त्याला केंब्रिजचा केला आणि मायना बदलला. मूळ पत्रांत होतं ‘डार्लिंग ममी’. वेलंडने केलं ‘डिअर मम’. एवढासा बदल, पण तो कोणी केला हे लगेच कळतं. लँकेशायरच्या कानाला पडद्यावरचा मोठा मुलगा ‘डार्लिंग ममी’ म्हणताना ऐकवला नसता.

इतिहासाशी त्याने खेळही केला. शंभर मीटरची शर्यत रविवारी आहे हे लिडेलला कित्येक महिने आधी माहीत होतं, चित्रपटात ते बोटीवर चढताना कळतं. याबद्दल अनेकांनी नाक मुरडलं. मला ते फारसं खटकत नाही. कारण मधल्या गोष्टीत त्याने जे खरं पकडलं आहे ते वर्षाबिर्षापेक्षा मोठं आहे. केंब्रिजचे दोन वयस्कर प्राध्यापक अब्राहम्सला जेवायला बोलावतात आणि साखर घोळत घोळत सांगतात, की सॅम मसाबिनी नावाचा धंदेवाईक प्रशिक्षक तू पैसे देऊन ठेवलास हे आपल्यासारख्यांना शोभत नाही. त्यातून तो अरब-इटालियन. सद्गृहस्थ जिंकतो तो सहज, घाम न गाळता. अब्राहम्स उठतो आणि त्यांना सुनावतो, की विजय तुम्हालाही हवाच आहे, फक्त तो देवांसारखा आपोआप मिळाल्याचं सोंग हवं आहे. हडर्सफील्डचा सगळा तंटा वेलंडने त्या जेवणाच्या टेबलावर आणून मांडला आहे. रग्बी लीगवर जीव लावणाऱ्या माणसाला यासाठी वेगळं संशोधन करावं लागलं नसेल.

आणि शर्यतीचा कळस कुठे आहे? अब्राहम्स फीत तोडतो तिथे नाही. मसाबिनी धंदेवाईक, त्याला स्टेडियममध्ये जागा नाही. तो जवळच्या हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसलेला आहे. शर्यत दिसत नाही, फक्त गर्दीचा आवाज येतो. मग लांबवर झेंडा वर चढताना दिसतो. ब्रिटिश झेंडा. मसाबिनी झालेला नट इयन होम पलंगावर बसतो, डोक्यावरची गवती टोपी हातात घेतो आणि मूठ मारून तिचा तळ फोडतो. बस. सुवर्णपदकाचा क्षण ज्याच्या पदरात टाकायचा तो वेलंडने खेळाडूला न देता खोलीतल्या माणसाला दिला. नायकाची कामं करत वाढलेला लेखक हा प्रसंग असा लिहील असं मला वाटत नाही.

२९ मार्च १९८२. चित्रपटाला चार ऑस्कर, त्यांत सर्वोत्तम चित्रपट आणि वेलंडची पटकथा. पुतळा हातात घेऊन वेलंड ओरडला, ‘द ब्रिटिश आर कमिंग!’ इंग्रज फौज येते आहे अशी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ती दंतकथेतली हाळी, अमेरिकनांच्याच घरात त्यांना ऐकवलेली थट्टा. चारच दिवसांनी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं आणि ब्रिटनमध्ये झेंड्यांना ऊत आला. परक्या ठरवलेल्या माणसांवर लिहिलेला चित्रपट त्या उन्मादात देशाभिमानाच्या पेटीत जाऊन पडला. लेखक डाव्या विचारांचा, मजूर पक्षाचा माणूस. यात त्याचा दोष थोडा, पण ती हाळी त्याचीच होती, हेही खरं.

पुढच्या वर्षी ब्रिटिश खरंच आले, ‘गांधी’ घेऊन, आणि आठ ऑस्कर घेऊन गेले. त्यांतलं वेशभूषेचं कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचं, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून, म्हणजे भारताच्या वाट्याचं पहिलं ऑस्कर. बाफ्टाने सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांना विभागून दिला. त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, म्हणजे पुन्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत. योगायोगावरून मी सिद्धांत मांडत नाही, पण नोंद करायला हरकत नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही, की ‘चॅरिअट्स’ला पैसा सरकारने दिला नव्हता. डोडी फायदच्या कंपनीने आणि एका अमेरिकन स्टुडिओने दिला. संगीतकार ग्रीक. मग बाजारच पुरेसा नव्हता का? माझं उत्तर असं: बाजाराने तयार पीक विकत घेतलं. फायदच्या कंपनीसमोर १९६२ सालचा चित्रकलेचा मास्तर उभा असता तर तिने त्याला काय दिलं असतं? त्या पिकाची नांगरणी वीस वर्षं ग्रंथालयाच्या तळघराने, लायसन्स फीने आणि दर आठवड्याला पडायची मुभा देणाऱ्या त्या खात्याने केली होती. पीक काढल्यावर ब्रिटनने शेत विकलं. १९८४ ला ‘प्ले फॉर टुडे’ बंद झालं. १९८५ च्या कायद्याने चित्रपट तिकिटांवरचा, निर्मितीकडे वळवला जाणारा अधिभार गेला. १९९८ ला विद्यापीठांत वर्षाला हजार पौंड फी आली, २०१२ मध्ये ती नऊ हजारांपर्यंत गेली. इंग्लंडमध्ये गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्याखाण्यासाठीचं अनुदान गेलं, परत आलं, २०१६ मध्ये पुन्हा गेलं.

त्याच २०१६ साली सटन ट्रस्ट या संस्थेने एक हिशेब मांडला. ब्रिटनमध्ये खासगी शाळांत शिकणारी मुलं शंभरांत सुमारे सात. बाफ्टा मिळवणाऱ्या ब्रिटिशांमध्ये खासगी शाळेतले शंभरांत बेचाळीस. या मुलांना अभिनय येत नाही असं मी म्हणत नाही, त्यांच्यातले काही तर उत्तम आहेत. पण लंडनमध्ये भाडं भरत, ऑडिशन देत, काम नसलेली दोन वर्षं काढायची तर ती वर्षं कुणाच्या तरी खिशातून जातात. ज्यांच्या बापाच्या खिशातून जाऊ शकतात ते टिकतात. अंधेरीत चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे सांगायला नको.

जुन्या व्यवस्थेची आरती मात्र मला करायची नाही. ती प्रामुख्याने पुरुषांसाठी होती, आणि गोऱ्या पुरुषांसाठी. ‘लीड्स युनायटेड!’ मधल्या बायकांचा लढासुद्धा लिहिला पुरुषाने आणि दिग्दर्शित केला पुरुषानेच. शिडी होती, पण तिच्याजवळ पोचायला ठरावीक दारातूनच जावं लागायचं. ज्यांना दार बंद होतं त्यांना ते उघडायला हवं होतं. प्रत्यक्षात दार उघडायची वेळ आली तोवर शिडीच काढून नेली होती.

‘हौशी’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ मला इथे महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये हौशी म्हणजे ज्याला पैशाची गरज नाही तो. आपल्याकडे हौशी नट म्हणजे दिवसभर बँकेत, कचेरीत, शाळेत राबून रात्री नऊला तालमीला येणारा. राज्य नाट्य स्पर्धेचा रंगमंच कित्येक दशकं अशा माणसांनी उभा ठेवला. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. डॉ. लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडली ती चाळिशी उलटल्यावर. आमच्या गावच्या मंडळातही प्रयोगाच्या दिवशी कोण रजा टाकणार आणि कुणाचा पगार कापला जाणार यावरून वाद व्हायचे. एक वर्षी नायकाला रजा मिळाली नाही म्हणून भूमिका ऐनवेळी प्रॉम्प्टरने केली. चांगली केली, संहिता त्याला पाठ होतीच. पण या हौसेचं आपण जे कौतुक करतो, त्यात खाडा ज्याचा त्याने भरायचा हे आपण गृहीत धरलेलं असतं.

वेलंडच्या उतारवयातल्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘किसेस ॲट फिफ्टी’ त्याने अमेरिकेत नेऊन जीन हॅकमनसाठी पुन्हा लिहिलं. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषावरच्या ‘अ ड्राय व्हाइट सीझन’चा तो सहलेखक होता. त्याच्या शेवटच्या वर्षांत अल्झायमरने त्याला गाठलं.

लायब्ररी थिएटर २०१० साली त्या तळघरातून हललं. २०१५ मध्ये, वेलंड गेला त्याच वर्षी, ते ‘होम’ नावाच्या नव्या कलाकेंद्रात सामील झालं. इमारत देखणी आहे, चित्रपटगृहं आहेत, सार्वजनिक पैसा अजूनही लागलेला आहे. तिथे उद्या लीमधला एखादा अठ्ठावीस वर्षांचा चित्रकलेचा मास्तर गेला, बोलीत लँकेशायर आणि खिशात काही नाही असा, तर आठवड्याच्या पगारावर त्याला ठेवून घेण्याचा अधिकार त्या इमारतीतल्या कुणाला आहे का, हे मला कुणीतरी सांगावं.